साहसाचा अधिकार

पांगळ्याने पर्वत ओलांडावा, मुक्याने वक्ता व्हावे, ह्या दोन गोष्टी आमच्याकडे गीतापाठाच्या आरंभी म्हणावयाच्या ध्यानश्लोकांत ईश्वरी कृपेची परमावधी म्हणून सांगितल्या आहेत. श्लोक रचणाराचा हेतू देवाची थोरवी गाण्याचा होता, पांगळ्यांविषयी सिद्धांत मांडण्याचा नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु पिढ्यानुपिढ्या घरोघर म्हटला गेल्याने त्यातील दृष्टांत आमच्या अंगवळणी पडला आहे. पांगळा म्हणजे ज्याचे पर्वताशी काही देणेघेणे नाही असा मनुष्य. तो पर्वत चढला तर तो चमत्कार. आणि चमत्काराची अपेक्षा कोणी आपल्या घरच्या माणसाकडून करीत नाही. ह्याच परंपरेत सूर्याचा सारथी अरुण हा अनूरु, म्हणजे मांड्याच नसलेला, असून तो रोज सगळे आकाश ओलांडतो, ही गोष्ट मात्र आम्हांस सहसा आठवत नाही.

चमत्कारापुरतेच बोलावयाचे, तर तो घडूनही पुष्कळ काळ लोटला. जन्मापासून एका पावलाने अधू असलेला कवी बायरन १८१० साली हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून गेला. जेफ्री विन्थ्रॉप यंग ह्या इंग्रज गिर्यारोहकाने १९१७ साली महायुद्धात पाय गमावला आणि १९२८ साली कृत्रिम पायाने तो मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचला. पुढे एव्हरेस्टवर १९९८ साली एक पाय गमावलेला टॉम व्हिटेकर, २००१ साली अंध एरिक वायनमायर आणि २०१३ साली आमच्याच देशातील अरुणिमा सिन्हा हीं माणसे उभी राहिली. तेव्हा हे होऊ शकते काय, हा प्रश्न निकालात निघाला. राहिला तो प्रश्न अधिक साधा आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. एव्हरेस्टवर न जाणाऱ्या, कोणत्याही वर्तमानपत्रात न येणाऱ्या, सामान्य घरातल्या प्रौढ अपंग मनुष्याने रानात, डोंगरात, पाण्यावर जावे की न जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

‘अपंग’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. अलीकडे सरकारी लिखाणात ‘दिव्यांग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द गौरवाचा आहे आणि ज्यांस तो आवडतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण एखाद्यास देवत्व बहाल करून देवाप्रमाणेच देव्हाऱ्यात बसवून ठेवावयाचे, ही आमच्या समाजाची जुनी युक्ती आहे. स्त्रियांच्या बाबतीत ती आम्ही पुरेशी वापरून पाहिली आहे.

हा प्रश्न आम्ही गोंदिया जिल्ह्याच्या निमित्ताने घेत आहो, ह्याला कारण आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकास आहे, आणि अर्धा रान व अर्धा पाणी असे त्याचे रूप आहे. कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी काळच्या तलावांनी, ज्यांस तिकडे ‘मामा तलाव’ म्हणतात, तो भरलेला आहे. त्यांत अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी ह्याने बांधलेला नवेगावबांधचा तलाव सर्वांत प्रसिद्ध. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० चे, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, आणि दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला तो २०१३ साली. सालेकसा तालुक्यात हाजरा धबधबा आहे, कचारगडची गुहा आहे; अर्जुनी-मोरगावकडे प्रतापगड आहे. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे पुण्यामुंबईच्या वाचकालाही नवेगावची पाखरे आणि तेथल्या रात्री परिचयाच्या झाल्या आहेत. खुर्चीला खिळलेल्या मनुष्यास रानाची ओढ लागली, की घरचे लोक प्रेमाने चितमपल्लींचे पुस्तक आणून देतात. पुस्तक उत्तमच असते. परंतु चितमपल्लींनी स्वतः ते रान पुस्तकात वाचले नव्हते.

आता घरच्या प्रेमाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सगळा गुंता तेथेच आहे. एका कुटुंबात दोन मुलगे आहेत अशी कल्पना करू. थोरला दरवर्षी पावसाळ्यात सह्याद्रीतले किल्ले चढतो. आईला काळजी वाटते, ती रात्री दोनदा उठून घड्याळ पाहते, पण सकाळी शिदोरी बांधून देते. धाकट्याचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. तो आज चाळिशीचा आहे, स्वतः कमावतो, कर भरतो, मत देतो. तो म्हणाला, ‘मला तलावावर डोंग्यात बसावयाचे आहे,’ तर घरात एकदम शांतता पसरते. मग कोणी पाण्याची खोली काढतो, कोणी पाठीच्या दुखण्याची आठवण देतो, आणि शेवटी ‘तुला येथे काय कमी आहे?’ ह्या प्रश्नाने सभा बरखास्त होते. दोन्ही मुलांविषयीची माया एकच आहे. तिच्यात खोट नाही. पण थोरल्याच्या बाबतीत ती दारापर्यंत येऊन थांबते आणि धाकट्याच्या बाबतीत दाराला कडी घालते. आणि तेथे मुलगा नसून मुलगी असेल, तर कडीच्या जोडीला कुलूपही लागते.

ह्याचे मूळ असे की आमच्या समाजात अपंग मनुष्य वयाने वाढला तरी प्रौढ होत नाही. खाणावळीतला वाढपी त्याच्या सोबत्यास विचारतो, ‘ह्यांना काय आणू?’ प्रौढत्वाची खूण केवळ मिळकत किंवा मतदान नव्हे. स्वतःच्या देहाविषयी बरावाईट निर्णय करण्याची आणि त्याचे फळ भोगण्याची मोकळीक ही ती खूण होय. जो मनुष्य केवळ सुरक्षित निर्णय करावयास मोकळा आहे, तो मोकळा नाही. १९७२ साली रॉबर्ट पर्स्के ह्या अमेरिकन लेखकाने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांविषयी लिहिताना ‘जोखमीची प्रतिष्ठा’ अशी एक कल्पना मांडली. माणसास सर्व संकटांपासून दूर ठेवणे हीच त्याची एक मानहानी होय, असा तिचा मथितार्थ आहे. आम्हांस ही कल्पना पटते, परंतु तिच्यात आम्ही एक गोष्ट घालू इच्छितो. धोका ओळखण्याची बुद्धी ही धोक्याच्या अभ्यासाने येते. ज्यास लहानपणापासून ओढ्यात पाय घालू दिला नाही, त्यास पाण्याचा अंदाज कोठून येणार? मग तो चाळिसाव्या वर्षी पाण्यावर जाऊ म्हणाला, की ‘ह्याला पाण्याची माहिती नाही’ हेच कारण त्याच्यापुढे ठेवावयाचे! जी असमर्थता आम्ही घडविली, तीच आम्ही पुराव्यास आणतो.

कोणी म्हणेल, आमचा समाज इतका कठोर नाही. अपंगांस आम्ही डोंगरावर नेतोच. हे खरे आहे, आणि येथेच एक मौज आहे. केदारनाथला, गिरनारला डोलीतून किती म्हातारीकोतारी, किती पांगळी माणसे जातात! माघी पौर्णिमेस कचारगडला दूरदूरच्या प्रांतांतून गोंड भाविक येतात आणि रानातून चढून गुहेपर्यंत जातात. महाशिवरात्रीस प्रतापगडला जत्रा भरते. अशा वाटांवर म्हाताऱ्या आईस पाठुंगळी घेऊन चढणारा मुलगा दिसला तर लोक त्यास वाट करून देतात. तेथे कोणी तिच्या हाडांची पंचाईत करीत नाही. म्हणजे डोंगर तोच, देह तोच, पाय घसरण्याचा धोकाही तोच; पण ‘देवासाठी जातो’ म्हटले की परवानगी आहे आणि ‘माझ्या आनंदासाठी जातो’ म्हटले की नाही. ह्यावरून उघड होते की आमचा आक्षेप धोक्यास नसून आनंदास आहे. दुःख सोसणारा अपंग आम्हांस समजतो, भक्ती करणारा समजतो, कष्टाने शिकून नोकरी मिळविणारा तर फारच आवडतो. उगीच, मजेखातर, वारा अंगावर घ्यावयास निघालेला अपंग मात्र आम्हांस काहीसा उधळ्या वाटतो.

‘साहस’ ह्या शब्दाने आणखी एक घोटाळा केला आहे. शहरातील मनुष्यास साहस म्हणजे दोर, टोपी, बूट आणि सुटीचे चार दिवस असे वाटते. पण गोंदियाच्या गावांत रान हे सुटीचे ठिकाण नव्हे. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहफुले वेचावयास जाणारी बाई आणि भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारा मजूर हे अस्वलाच्या व वाघाच्या वाटेवरूनच जातात. ढिवर आपला डोंगा घेऊन तलावात उतरतो तो पोटासाठी. अशा गावातल्या माणसाचा अपघातात पाय गेला किंवा कणा मोडला, म्हणजे केवळ त्याची मजुरी जात नाही. मोहाचा वास, पाण्यावरची पहाट, रानात हाळी दिली की पलीकडून येणारे उत्तर, हा त्याचा सगळा मुलूख एका दिवसात परका होतो. त्यास कोणी विचारले की तुला काय पाहिजे, तर तो ‘साहसी उपक्रम’ असे म्हणणार नाही. तो म्हणेल, एकदा तळ्यावर नेऊन सोडा. आमच्या मते ह्या दोन मागण्या एकच आहेत, आणि दुसरी ऐकल्यावर पहिलीला चैन म्हणणे कठीण जाते.

तळ्याचा विषय निघालाच आहे, तर पाण्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. डोंगर हा पायांचा पक्षपाती आहे, पाणी तसे नाही. डोंग्यात बसलेल्या दोन माणसांपैकी कोणाचे पाय चालते आहेत हे काठावरून ओळखता येत नाही. तेथे खांदे, हात आणि तोल ह्यांचे काम असते. मुरलीकांत पेटकर ह्यांचे उदाहरण महाराष्ट्रास माहीत असावयास हवे होते, पण ते बहुतेकांस कळले फार उशिरा, आणि तेही २०२४ साली चित्रपट आल्यावर. सांगलीकडील पेठ-इस्लामपूर भागातले हे गृहस्थ लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले, पुढे पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांस पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली. असो. त्याच १९६५ साली मे महिन्यात एव्हरेस्ट चढलेले मेजर अहलुवालिया त्याच युद्धात मानेत गोळी लागून खुर्चीला खिळले. त्यांनी पुढे दिल्लीस कण्याच्या दुखापतींसाठी मोठे रुग्णालय उभे केले.

पाणी पक्षपाती नसले तरी भोळे नव्हे, आणि धोक्याविषयी आम्ही येथे गोड बोलणार नाही. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यास डोंग्याची फळी टोचते हे कळत नाही. तासाभरात कातडीस जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर त्याची मांडी भाजते आणि ते त्यास संध्याकाळी दिसते. कणा वरच्या बाजूस, छातीच्या पातळीस दुखावला असेल, तर घामाने अंग थंड करण्याची शक्तीही मंदावते. गोंदियाच्या उन्हाळ्यात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. अशा माणसाचा खोकलाही दुबळा असतो, म्हणून नाकातोंडात गेलेले पाणी त्यास अधिक बाधते. आणि सर्वांत मोठी चूक प्रेमळ माणसांच्या हातून होते: ‘पडेल बिचारा’ म्हणून ते त्यास डोंग्याला बांधून ठेवतात. डोंगा उलटला की बांधलेला मनुष्य त्याच्याबरोबर उलटतो. म्हणून तरंगणारे जाकीट अंगात नीट बसलेले असावे, ते घालून उथळ पाण्यात आधी पाहावे, बुडाखाली जाड गादी असावी, पाठीस टेका असावा, आणि बंधन काहीही नसावे.

ही सगळी माहिती ‘जाऊ नये’ ह्या बाजूची समजण्याची चाल आहे. आम्ही ती ‘कसे जावे’ ह्या बाजूची समजतो. धोका जितका नेमका सांगता येईल तितका त्याचा उपाय नेमका होतो. ‘काहीतरी होईल’ ह्या मोघम भीतीस मात्र गादी नाही की जाकीट नाही. आणि ह्या नेमक्या गोष्टी सर्वांत अधिक कोणास ठाऊक असतात? वीस वर्षे त्या देहात राहिलेल्या मनुष्यास. वैद्याचा सल्ला त्याने अवश्य घ्यावा, कोणीही घ्यावा. पण सल्ला व हुकूम ह्यांतील भेद वैद्यानेही विसरू नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. त्याने आपला जीव धोक्यात घालावा, तो त्याचा प्रश्न. पण त्याच्याबरोबर डोंगा वल्हविणाऱ्याचा, त्यास उचलणाऱ्याचा, बुडाल्यास उडी घेणाऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा त्यास काय अधिकार? हा आक्षेप खरा आहे, आणि ‘धडधाकट लोकही इतरांस धोक्यात घालतात’ एवढ्याने त्याचे निरसन होत नाही. सोबत्यास नाही म्हणावयाची पूर्ण मोकळीक असली पाहिजे, आणि जो मजुरीवर येतो त्यास त्या अवघड कामाची योग्य मजुरी मिळाली पाहिजे. दयेपोटी, लाजेपोटी, किंवा ‘बिचाऱ्याचे मन मोडू नये’ म्हणून आलेला सोबती हा पाण्यावर धोक्याचाच. ज्यास आपल्यासाठी जोखीम घेण्याचा हक्क हवा, त्याने दुसऱ्याचा नकारही तितक्याच शांतपणे ऐकला पाहिजे. येथे काही अपंग मित्रांशी आमचा मतभेद होईल. सोबत मिळणे हाही आपला हक्क होय असे ते म्हणतात. सरकारने सोबतीची सोय करावी इथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहो. अमुक एका माणसाने आलेच पाहिजे, येथे मात्र नाही.

परंतु ‘ओझे’ हा जो शब्द ह्या आक्षेपात लपलेला असतो, तो आम्हांस मान्य नाही. आमच्या सांख्यांनी प्रकृती व पुरुष ह्यांचा संबंध समजावण्यास आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टांत घेतला आहे. रानात चुकलेल्या दोघांपैकी आंधळा पांगळ्यास खांद्यावर घेतो. पाय एकाचे, डोळे दुसऱ्याचे, आणि दोघेही रानाबाहेर पडतात. ह्या दृष्टांतात उपकार करणारा कोण हे कोणी सांगू शकेल काय? वाहून नेला जाणारा हाच येथे वाट दाखविणारा आहे. मुक्कामाचा निर्णय, थांबण्याचा निर्णय, ‘डावीकडे खड्डा आहे’ हे सांगण्याचे काम त्याचे. प्रौढ अपंग मनुष्य सहलीस जातो तेव्हा नेमके हेच त्याच्याकडून काढून घेतले जाते. बेत दुसरे करतात, वेळ दुसरे ठरवतात, आणि त्यास सामानासारखे नेऊन आणतात. तो गेला खरा. पण तो गेला की त्यास नेले, ह्यावर सगळे अवलंबून आहे. केदारनाथच्या डोलीत बसलेल्या स्थूल शेटजीस कोणी ओझे म्हणत नाही, कारण ‘चला’ आणि ‘थांबा’ हे तो स्वतः म्हणतो.

पैशाचा प्रश्न थोडक्यात घेऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. त्यांपैकी कितीकांस साधी चाकाची खुर्ची मिळत नाही, शाळा मिळत नाही, आणि तुम्ही डोंग्याच्या गोष्टी करता, असे विचारले जाईल. प्रथम भाकरी, मग वारा, हा क्रम ऐकावयास न्यायाचा वाटतो. पण धडधाकटांसाठी आम्ही हा क्रम कधी पाळला? व्याघ्रप्रकल्पांतले रस्ते आणि विश्रामगृहे ही सर्व गावांस दवाखाने मिळाल्यानंतर बांधली गेली काय? शिवाय २०१६ च्या अपंगहक्क-कायद्याचे २९ वे कलम स्पष्ट आहे: बाहेरील शिबिरे व साहसी उपक्रम ह्यांत अपंगांस भाग घेता यावा अशी सोय करणे हे सरकारचे व स्थानिक संस्थांचे काम म्हणून त्यात नमूद केले आहे. आणि खर्च तरी कशाचा? काठापासून पाण्यापर्यंत पायऱ्यांच्या जोडीला एक निवांत उतार, ज्यावर खुर्चीची बारीक चाके चिखलात रुतणार नाहीत. उंच जीपगाडीत बसावयास एक भक्कम पायरी व दांडा. दोनचार मापांची जाकिटे. आणि माणसास बगलेत हात घालून ओढू नये, कसे उचलावे, हे शिकलेले गावातले दोन तरुण. ढिवरांच्या मुलांहून ह्या कामास अधिक लायक कोण? पाणी त्यांस ठाऊक आहे. माणूस कसा उचलावा तेवढे शिकावयाचे राहील.

सोयी झाल्यावर दुसरे एक संकट येते, त्याचे नाव कौतुक. अपंग मनुष्य टेकडी चढला की त्यास हार घालतात, त्याची छायाचित्रे घेतात, आणि ‘तुमच्याकडून आम्हांस स्फूर्ती मिळते’ असे सांगतात. आम्ही तर ह्या कौतुकास थोडे भितो. ज्याच्यापासून सर्वांस स्फूर्ती घ्यावयाची आहे, त्यास अर्ध्या वाटेवरून परतण्याची सोय राहत नाही. थोरला मुलगा किल्ल्यावर न जाता पायथ्याच्या टपरीवर चहा पिऊन परत आला तर मित्र हसतात आणि विसरतात. धाकटा तसा आला तर घरात सर्वांस आपलेच म्हणणे खरे ठरल्याचे वाटते, आणि पुढच्या वर्षी दाराची कडी अधिक घट्ट बसते. आमच्या मते साहसाच्या अधिकारात फसण्याचा, कंटाळण्याचा, घाबरून ‘नको’ म्हणण्याचा अधिकार येतोच, आणि तो अपंगांस मिळणे शिखरापेक्षाही दुर्मीळ आहे.

मार्गशीर्ष-पौषात नवेगावचा तलाव भरलेला असतो, ऊन सोसवते, आणि उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर उतरलेली असतात. त्या दिवसांत कोणी जाऊ म्हणेल तर घरच्यांनी खुशाल काळजी करावी, हवे तर गाडीने काठापर्यंत बरोबर जावे. नावाड्याने कोठे न्यावयाचे हे डोंग्यात बसणाऱ्यास विचारावे, शेजारी उभ्या असलेल्या भावास नव्हे. आणि वाटेतच त्याने ‘पुरे, आता परत वळवा,’ असे म्हटले, तर डोंगा परत वळवावा, आणि काठावरच्या मंडळींनी तो विषय तेथेच सोडून जेवावयास बसावे.